शेवटच्या दिवसाचं बुकिंग

कळंबोलीत स्टील मार्केटच्या मागच्या अंगाला एक लग्नाचा हॉल होता. मुलगी बालवाडीत होती तेव्हा मी तिथे बुकिंगच्या टेबलावर बसायला लागले, आणि ती कॉलेजात गेली तरी मी त्याच खुर्चीवर होते. हॉल साधाच. मंगलाष्टकं रंगात आली की नेमका बाहेरून एखादा ट्रेलर हॉर्न मारत जायचा आणि ‘सावधान’ त्यातच बुडून जायचं. तरी सीझनला तारीख मिळत नसे. नवरीचा बाप माझ्यासमोर हात जोडून बसायचा आणि मी रजिस्टर उलटंपालटं करत एखादी तारीख शोधून द्यायचे, तेव्हा मला आपण कलेक्टर आहोत असं वाटायचं.

मग एके दिवशी मालकांनी चहा मागवला आणि सांगितलं की जागा गोडाऊनवाल्यांना दिली. स्टेजवरचे ते सोनेरी खांब भंगारात गेले. मी घरी आले.

घरी बसणं मला जमत नाही. आमचं घर नावड्यात, गावात. नवरा तळोज्याच्या कंपनीत शिफ्टला जाणार, मुलगी कॉलेजला. उरलो मी आणि सासूबाई. सासूबाईंनी जन्मभर कळंबोलीच्या बाजारात मासळी विकली. गुडघे गेले म्हणून बसल्या, नाहीतर अजूनही गेल्या असत्या. दोन विकणाऱ्या बायका एका घरात आणि विकायला काही नाही. दुपारभर आम्ही एकमेकींना टीव्हीचा आवाज कमी-जास्त करायला सांगायचो.

अशात हॉलवरच्या जुन्या केटररने व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. ‘ताई, तुमच्यासाठीच आहे’, असं खाली लिहिलेलं. कौटुंबिक प्रसंगांचं संपूर्ण नियोजन करणारी कंपनी, ऑफिस बेलापूरला, इव्हेंटचा अनुभव असल्यास प्राधान्य, वयाची अट नाही. मला ती शेवटची ओळ फार आवडली. मी लगेच फोन केला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात बोलावलं. काय प्रसंग, कसले प्रसंग, हे मी विचारलं नाही. कौटुंबिक प्रसंग म्हणजे लग्न, साखरपुडा, बारसं. अजून काय असणार?

तेव्हा मी गेले ती पोपटी रंगाची, जरीकाठाची साडी नेसून. हातभर हिरव्या बांगड्या आणि केसांत मोगऱ्याचा गजरा. बुकिंगच्या बाईने कसं दिसावं याची माझी काही मतं होती. समोरच्याला आपल्याकडे बघून कार्य घरात आल्यासारखं वाटलं पाहिजे.

ऑफिस चांगलं होतं. एसी, काचेचं टेबल, भिंतीवर समुद्रकाठी हसत बसलेल्या आजी-आजोबांचा मोठा फोटो. सोफ्यावर माझ्याशिवाय एक आडव्या बांध्याचे गृहस्थ होते. पूर्वी क्रेडिट कार्डं विकायचे, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मी टेबलावरचं माहितीपत्रक उचललं. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. मनात म्हटलं, आपल्याकडे पण असंच होतं. सिल्व्हरमध्ये वाहन, फुलं, गुरुजी, मडकं. वाहन म्हणजे वरातीची गाडी. मडकं वाचून जरा अडखळले, पण वाटलं की करवलीच्या हातातला करा म्हणायचं असेल, टायपिंगवाल्याने घोळ घातला. मग गोल्ड वाचायला घेतलं. त्यात लिहिलं होतं, ‘खांदा देण्यासाठी चार व्यक्ती (गरज असल्यास)’.

मी ती ओळ परत वाचली. मग भिंतीवरच्या आजी-आजोबांकडे बघितलं.

“हे...” मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, “हे काय आहे?”

“मॅडम, अंत्यविधीचं आहे,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “माणूस जिवंत असताना पैसे भरायचे. गेला की सगळं हे लोक करतात. एकदम जमत नसेल त्यांच्यासाठी छोटा विमा पण आहे.” मग त्यांची नजर माझ्या गजऱ्याकडे गेली आणि तिथेच राहिली.

त्यांना आत बोलावलं. मी गजरा काढायला हात मागे नेला, पण तो पिनांनी घट्ट बसवलेला. सोडवता सोडवता निम्मी फुलं सोफ्यावर सांडली. ती गोळा करत होते तोच गृहस्थ बाहेर आले, रुमालाने मान पुसत. “आपल्याला नाय जमायचं,” एवढं बोलून लिफ्टकडे गेले. उठून मीही त्यांच्या मागे जावं असं खरंच मनात आलं. पण तेवढ्यात आतल्या मुलीने दार उघडून विचारलं, “मॅडम, चहा घेणार ना?” आणि मी हो म्हणून बसले.

आत दोघं होती. ती फोनवाली मुलगी आणि मॅनेजर साहेब. साहेब पन्नाशीचे, नीट इस्त्रीचा शर्ट, बारीक आवाज, आधी विम्याच्या धंद्यात होते. त्यांनी माझ्या साडीकडे बघितलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

“आम्ही काय काम करतो, कल्पना आहे ना तुम्हाला?”

“आत्ता बाहेर बसल्यावर आली.”

“मग थांबलात कशा?”

“चहा सांगितलाय ना तुम्ही,” मी म्हटलं. मुलीने तोंडावर ओढणी घेतली.

साहेबांनी मग मला रीतसर समजावलं. एक गोष्ट त्यांनी निक्षून सांगितली. गिऱ्हाइकासमोर ‘मृत्यू’, ‘मरण’, ‘मयत’ हे शब्द वापरायचे नाहीत. ‘तो दिवस’ म्हणायचं. मग खुर्ची मागे सरकवून ते म्हणाले, “समजा, मी गिऱ्हाईक आहे. तुमच्या ऑफिसात आलोय. विका मला.”

इतकी वर्षं मी एकच काम केलेलं. समोर कोणी येऊन बसलं की माझं तोंड आपोआप चालू होतं, डोकं मागून येतं. मी ताठ बसले, हसले आणि म्हटलं, “या ना सर, बसा. तारीख ठरली का?”

मुलगी वहीत डोकं घालून हलत होती. साहेबांनी गिऱ्हाइकाचा आव सोडला नाही. म्हणाले, “नाही हो. अजून नाही ठरली.”

“हरकत नाही,” मी सुटलेच होते, “तारीख नंतर कळवा. अंदाजे किती माणसं येतील?”

“सांगता येत नाही.”

“जवळचीच बोलवणार की भावकी पण?”

“भावकी येईलच.”

“मग मोठी जागा लागेल. आणि जेवणाचं? व्हेज की नॉनव्हेज?”

इथे साहेबांचा आव सुटला. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि डोळे पुसायला लागले. मीही हसायला लागले, कारण दुसरं काय करणार? आणि सगळं संपवताना, आमच्याकडे पावती फाडताना म्हणायचे तसं, मी उठून म्हटलं, “अभिनंदन सर.”

नोकरी गेली असं धरूनच मी पर्स उचलली. पण साहेब म्हणाले, “थांबा. आठवडाभर माणसं बघतोय. सगळे माझ्याशी आजारी माणसाजवळ बोलावं तसं कुजबुजत बोलले. तुम्ही सरळ विचारलंत किती माणसं येणार. ते आमच्यातल्या कोणी अजून गिऱ्हाइकाला विचारलेलं नाही. शनिवारी या. उलव्याला एक घर आहे, माझ्याबरोबर चला, बघू.” दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली. “आणि गजरा नको.”

घरी मी सांगितलं तेव्हा नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला.

“हॉलवर होतीस तेव्हा लोक घरी पत्रिका आणून द्यायचे. आता काय आणून देतील?”

“मिळालेली नाही अजून.”

“मिळू पण नये. आईसमोर असलं बोलायचं? तिच्या वयाला?”

आई समोरच होत्या. सुपात सुकट निवडत बसलेल्या. त्यांनी मान वर केली. “मना काय झालाय? मी आयकतंय ना. बस गो इथं. इकून दाव मना.”

नवरा उठून बाहेर गेला. मी माहितीपत्रक घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि साहेबांच्या आवाजात सुरुवात केली, “आई, तो दिवस सगळ्यांच्याच घरात येतो.”

“कंचा दिवस?”

“तो दिवस.”

“दसरा?”

“नाही हो. शेवटचा.”

“मंग मरान बोल ना सरळ! दिवस दिवस काय करतंस?”

मी सरळ सांगितलं. आज पैसे भरायचे, पुढे भाव वाढले तरी तुमचा तोच राहतो. एक फोन केला की गाडी, सामान, दाखल्याची धावपळ, सगळं कंपनी बघते. सासूबाई नीट ऐकत होत्या. मासळीचा भाव ऐकताना त्यांचे डोळे असे बारीक व्हायचे.

“म्हंजे पैशे आधी द्याचे न माल नंतर,” त्या म्हणाल्या. “न माल ताजा हाय का नाय तं बघाला मीच नसनार! असा धंदा मना कोनी शिकवला असता तं मी बंगला बांधला असता.”

मला इतकं हसू आलं की सुकटीचं सूप कलंडलं. त्याही हसल्या. मग सूप सरळ करून त्यांनी गंभीरपणे प्लॅटिनमपर्यंत सगळं वाचून घेतलं माझ्याकडून. फुलं झेंडूची नकोत म्हणाल्या, झेंडू दुकानाला लावतात. नवी साडी पाहिजे, पण नायलॉनची नको. खांद्याच्या चार माणसांपाशी आल्यावर मात्र त्यांनी हात झटकला.

“ही चार मानसं कशाला? माज्या गावान मानसं काय कमी हायत? खांद्याला भांडनं होतील.” मग सूप पुढे ओढत विचारलं, “पैशे देऊन मानसं कोन घेतो गो?”

ते मला माहीत नव्हतं. आमच्या गावात कोणी गेलं तर चूल पेटायच्या आत अंगण भरतं. मी म्हटलं, शनिवारी बघून सांगते.

शनिवारी मी फिकट राखाडी साडी नेसले, बांगड्या कमी केल्या. साहेबांच्या गाडीतून उलव्याला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती, त्यांच्या मधे मोकळे प्लॉट, आणि विमान एवढं खालून गेलं की मी गाडीत मान खाली घातली. साहेब वाटेत मला सांगत होते की मी फक्त बघायचं, बोलायचं त्यांनी.

तिथे राहत होते एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या पत्नी. मास्तर नांदेडकडचे, शाळेत पीटी शिकवायचे. अजूनही पाठ सरळ. काकू सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मुलगा परदेशात. “विमानतळाजवळ घर घेतलं तर लवकर लवकर येईल म्हटलं,” मास्तर हसत म्हणाले. “विमानं येतात बघा रोज.” मग त्यांनी आपणच सांगितलं की आम्हाला का बोलावलं ते. “गावाकडं असतो तर ह्याची गरज नव्हती. इथं लोक चांगले आहेत, पण लिफ्टमध्ये भेटतात. कितवा मजला विचारतात, बटण दाबून देतात. मी गेलो तर हिने कुणाचं दार वाजवायचं?”

साहेबांनी सुरुवात केली. “सर, तो दिवस जेव्हा...”

“मेल्यावर म्हणा हो,” काकू म्हणाल्या. “जन्म वॉर्डात गेला माझा. मी घाबरत नाही.” आणि उपमा करायला आत गेल्या.

साहेबांचा सूर तिथेच बिघडला. ते पॅकेज सांगत होते, पण ‘तो दिवस’ आला की आतल्या दाराकडे बघत होते. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर हात ठेवून विचारलं, “समजा, मी पैसे भरले. मी गेलो. तुम्ही आलाच नाहीत. मी तक्रार कुठं करू?”

साहेब कंपनीच्या नोंदणीबद्दल, कराराबद्दल बोलायला लागले. मास्तरांचा चेहरा काही सैल होईना. सासूबाईंचे बारीक डोळे मला आठवले आणि माझ्या तोंडाला राहवलं नाही.

“काका, तुम्ही नसाल, पण काकू असतील ना. फोन त्याच करणार. काम वाकडंतिकडं झालं तर त्या आम्हाला सोडतील?”

आतून आवाज आला, “मुळीच नाही सोडणार.”

मास्तर खूश झाले. “आणि ही आधी गेली तर?”

“मग तुम्ही आहात आमच्या डोक्यावर.”

“म्हणजे दोघांचं घ्यावं लागेल.” त्यांनी साहेबांकडे वळून विचारलं, “दोघांचं एकदम घेतलं तर काही कमी होतं का?”

“होतं ना सर,” साहेब पुढे सरकले.

तेवढ्यात काकू झारा हातात घेऊन दारात आल्या. “माझं तुमच्याबरोबर बुक करू नका.”

“का?”

“मला नको आहे. मी देहदान करणार आहे. मेडिकल कॉलेजात. पोरं शिकतील.”

मास्तरांना आधी ती थट्टा वाटली. ते आमच्याकडे बघून हसले. मग काकूंकडे बघितलं आणि त्यांचं हसू हळूहळू कमी झालं.

“हे कधी ठरलं?”

“झाली की बरीच वर्षं. मुलाला सांगितलंय.”

“आणि मला?”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जेवला नसता.”

मास्तर उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. साहेबांनी मला खुणावलं की कागद आवरा, निघू या. पण हॉलवर असं मी कितीदा बघितलं होतं. मानपानावरून, आहेरावरून दोन्हीकडची माणसं अशीच फिरून उभी राहायची, आणि त्या वेळी निघून गेलं की लग्न मोडायचं. मी अशा वेळी एकाला ‘जरा जेवणाची पंगत बघता का’ म्हणून बाजूला न्यायचे. इथे पंगत नव्हती. मी बाल्कनीत गेले आणि कुंडीतल्या रोपाकडे बघून विचारलं, “ही मिरची आहे का?”

“लवंगी,” ते म्हणाले. खाली एक डंपर मागे मागे जात पीं पीं करत होता.

“माझ्या मनात एक होतं,” मास्तर म्हणाले. “दोघांच्या अस्थी एकाच ठिकाणी, आमच्या गोदावरीत सोडाव्यात. म्हणून तर दोघांचं विचारलं.”

“काकूंना हे माहीत आहे?”

“असं कोण बोलतं का बाई?”

काकू आमच्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. हातात उपम्याच्या बशा. “एवढंच होय?” त्या म्हणाल्या. “तुमच्या अस्थी घेऊन मी स्वतः जाते नांदेडला. तेवढं थांबते.”

“आणि तू आधी गेलीस तर मी काय सोडू?”

काकूंनी विचार केला. खरंच विचार केला, बशा हातात धरून. “माझी वेणी कापून ठेवते. ती सोडा.”

“वेणी राहिलीय कुठं आता!”

“मग आताच बघून घ्या आहे तेवढी.”

मास्तर हसले. नको नको म्हणताना हसू यावं तसं हसले आणि रुमाल काढून नाक शिंकरलं. काकूंनी त्यांच्या हातात बशी दिली. मग आम्ही चौघांनी उपमा खाल्ला. कुंडीतलीच मिरची घातली असावी, साहेबांच्या कानापर्यंत लाली चढली.

खाऊन झाल्यावर काकूंनी मला विचारलं, “मग माझ्यासाठी तुमच्यातलं काय घ्यावं लागेल?”

साहेबांनी गोल्डचं पान काढायला घेतलं होतं. मी म्हटलं, “तुम्हाला काहीच लागणार नाही, काकू. तुम्ही त्या कॉलेजलाच विचारून ठेवा, त्या वेळी कुणाला फोन करायचा आणि नेण्याची सोय काय. आणि तो नंबर काकांना देऊन ठेवा.”

साहेबांनी खोकून पान परत आत सरकवलं.

मास्तरांनी स्वतःपुरतं सिल्व्हर घ्यायचं ठरवलं. मुलाशी बोलून दोन दिवसांत कळवतो म्हणाले. वर खांद्यासाठीची चार माणसं जास्तीची लिहून घ्यायला सांगितली. काकू म्हणाल्या, तोवर लिफ्टमधली चार ओळखीची होतील, कशाला पैसे घालवता? “झाली तर झाली,” मास्तर म्हणाले. “मग ह्यांच्या माणसांना बसवून चहा पाज.”

परतीच्या वाटेवर बेलापूरच्या अलीकडे साहेबांनी उसाच्या रसाच्या गाडीजवळ गाडी थांबवली. दोन ग्लास घेतले, आले-लिंबू घालून.

“अर्धं गिऱ्हाईक घालवलंत तुम्ही,” ते म्हणाले.

“हो.”

“कंपनी सल्ला द्यायला पगार देत नाही.”

“अजून तर कशालाच देत नाही,” मी म्हटलं. म्हटल्यावर जीभ चावली.

साहेब ग्लासातला बर्फ हलवत राहिले. “मी हे काम कंपनी सुरू झाल्यापासून करतोय,” ते म्हणाले. “रोज दुसऱ्यांना विचारतो, तुमच्या मनात काय आहे. माझ्या बायकोला नाही विचारलं अजून.” मग रसाचे पैसे दिले आणि म्हणाले, “कळवतो.”

कळवतो म्हणजे काय ते मला माहीत होतं. मीही कित्येक नवरदेवांच्या बापांना कळवते म्हटलेलं. घरी येऊन मी सासूबाईंना उलव्याचं सगळं सांगितलं. पैसे देऊन माणसं कोण घेतो, तेही. त्या ऐकत राहिल्या. काकूंच्या वेणीपाशी “भारी बाय हाय” म्हणाल्या. मास्तरांच्या लिफ्टपाशी मात्र त्यांचं हसू गेलं. “त्यांना आपल्या गावान न्याला पाह्यजे व्हता,” त्या म्हणाल्या आणि उठून चहा टाकला.

नंतर काही दिवस फोन आला नाही. मी टाइल्सच्या एका दुकानात जाऊन आले. तिथल्या मालकाने माझ्या वयाकडे बघितलं आणि मी त्याच्या टाइल्सकडे. एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा फोन वाजला. ती ऑफिसातली मुलगी. तिचं हसू आधी ऐकू आलं, आवाज नंतर.

“मॅडम, तारीख ठरली! एक तारखेपासून या.”

मी ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकला आणि आत पळाले. सासूबाईंनी बातमी ऐकून पहिला प्रश्न विचारला तो डब्याला काय नेणार हा. नवऱ्याने रात्री काही म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी नवी पर्स घेऊन आला. त्याच्या मानाने ते बरंच बोलणं झालं.

पहिल्याच महिन्यात कंपनीने मला व्हिजिटिंग कार्डं छापून दिली. माझ्या नावाखाली ‘कुटुंब नियोजन सल्लागार’. इंग्रजीतून मराठी करताना कोणाच्या लक्षात आलं नाही. नवऱ्याने कार्ड उलटसुलट करून बघितलं. “हे वाटू नको गावात,” तो म्हणाला. “बायका भलतंच विचारायला येतील.” साहेबांना दाखवलं तेव्हा ते पुन्हा चष्मा काढून डोळे पुसत बसले. नवी कार्डं यायला वेळ लागला. तोवर मी तीच वापरली, आणि खरं सांगायचं तर दार उघडायला त्यांचा उपयोगच झाला. लोक हसायला लागले की बसा म्हणतात.

मास्तरांचा फोन दोन दिवसांत नाही, पण आला. सिल्व्हर घेतलं. सही घ्यायला काकूंनी मला एकटीलाच बोलावलं आणि जाताना मिरचीचं एक रोप दिलं. ते आमच्या अंगणात लागलंय.

गावात मात्र बातमी पसरल्यावर काही दिवस मजेचे गेले. दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. एक शेजारीण मला रस्त्यात दिसली की लांबून वळायची, जसं काही मी तिच्यावर नजर ठेवून आहे. मी मनाला लावून घेतलं नाही. सासूबाई तर ओट्यावर बसून खुशाल हाक मारायच्या, “ये गो, घाबरू नको, आज तिची सुट्टी हाय!”

मग वैशाखात नवऱ्याच्या चुलत भावाच्या मुलीची हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडव, रोषणाई, नाचायला बँजो पार्टी अशी वाजते की छातीत धडधडतं. मी नवी साडी नेसून, भरपूर गजरा माळून गेले. सुरुवातीला माझ्या आजूबाजूच्या दोन-तीन खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. मी ताट घेऊन मांडवाच्या मागच्या बाजूला, आइस्क्रीमच्या टेबलाजवळ उभी राहिले, तर नवऱ्याचे एक चुलते इकडेतिकडे बघत माझ्याजवळ आले. टोपी सरळ केली. आइस्क्रीम घेतल्यासारखं केलं.

“काय गो,” ते हळूच म्हणाले, “तुज्या त्या कंपनीच्यान काय काय येतं?”

मी सांगितलं. ते मान डोलवत ऐकत होते.

“बँजो येतो?”

“बँजो?”

“जन्मभर बँजोवर नाचलो. मंग तवाच भजन कशाला? बँजो लाव ना माजा.”

“विचारून सांगते, काका.”

“इचार. पन माज्या घरान बोलू नको. म्हातारी रडंल.” एवढं बोलून ते टाळ्या वाजवत परत नाचणाऱ्यांत शिरले.

मी वळले तर मागे माझी एक चुलतसासू भाताचं ताट हातात धरून उभी.

“त्याचा झाला का?” ती म्हणाली. “मंग मना सांग.”